दहावीच्या वर्गात ल्युमिनॉलचा प्रयोग कसा दाखवावा? की यूट्यूबचा व्हिडिओ पुरेल?

व्हिडिओ दाखवू नका. ल्युमिनॉल, म्हणजे ठरावीक रसायनांत मिसळलं की निळा उजेड देणारं रसायन, मिळालं नाही तरी नका.

मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे एका वरिष्ठ सरांचं ठाम मत होतं, "पोट्टे पेपरात लिहितील तेवढंच शिकवा, बाकी प्रोजेक्टरवर दाखवून मोकळे व्हा." यावरून स्टाफरूममध्ये आमचं चांगलंच वाजलं. दुसऱ्याच दिवशी मी बर्डीच्या बाजारातून चमकणाऱ्या कांड्या आणल्या, मुलं थर्टी फर्स्टला मनगटात घालतात त्याच.

खिडक्यांना काळा चार्टपेपर डकवला. कूलरच्या फटीतून उजेड येत होता, तिथे सतरंजी टांगली. काचेचे तीन ग्लास घेतले, एकात बर्फाचं पाणी, एकात साधं, एकात किटलीतलं गरम. आधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावला, मग कांड्या मुलांनीच कडकन वाकवल्या. गरम पाण्यातली झगझगीत पेटली, बर्फातली मंदावली. तेवढ्यात एरवी गप्प बसणारी एक मुलगी साध्या पाण्यातली कांडी मुठीत धरून म्हणाली, "सर, उजेड येऊन राहिला, पण गरम काहून नाही लागत?"

मला हाच प्रश्न हवा होता. पुस्तकात आपण उष्मादायी आणि उष्माग्राही एवढ्यावर थांबतो. कांडीत ऑक्झलेट एस्टर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतली ऊर्जा रंगद्रव्याच्या रेणूला मिळते. तो उत्तेजित होतो आणि मूळ अवस्थेत परतताना ती ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या रूपात सोडतो. पाणी गरम असलं की अभिक्रियेचा दर वाढतो, म्हणून उजेड जास्त आणि म्हणूनच तो लवकर संपतो. बर्फातली कांडी आम्ही फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी गरम पाण्यातली पार विझलेली, फ्रिजमधली अजून चमकत होती. त्या सरांनी स्वतः दार उघडून पाहिलं. बोलले काही नाहीत. पण मुठीत धरून कळलेली गोष्ट पडद्यावर कशी कळणार, याचं उत्तर त्यांनी मला आजवर दिलेलं नाही.

आता ल्युमिनॉल. शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात सांगून ठेवा, मागवून देतात. किंमत ऐकून घाबरू नका, चिमूटभर पुरतं. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात ते विरघळवायचं. दुसऱ्या भांड्यात 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड. अंधारात दोन्ही एकत्र ओतलं की निळा उजेड येतो, तोही थोडाच वेळ, म्हणून मुलांचे डोळे आधी दहाएक मिनिटं अंधाराला सरावू द्या. फोन जमा करून घ्या, एका स्क्रीनने सगळं वाया जातं. पेरॉक्साइड ताजंच आणा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडलेल्या बाटलीत दम उरत नाही. हा उजेड आल्ब्रेख्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1928 साली नोंदवला, म्हणजे रामन परिणामाच्याच वर्षी. विज्ञान दिनाला खालच्या वर्गांना दाखवाल तेव्हा हे आवर्जून सांगा.

हो, एक राहिलं. कॉस्टिक तुम्हीच हाताळा, चष्मा आणि हातमोजे घालूनच. फेरिसायनाइडजवळ आम्लाची बाटली ठेवू नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. कांड्या कापू देऊ नका, आत काचेची बारीक नळी असते. आणि गरम पाणी म्हणजे उकळतं नव्हे.

परवानगीच्या अर्जात उद्देश 'तापमानाचा अभिक्रियेच्या दरावर होणारा परिणाम' असा लिहा. तो दहावीच्या पुस्तकातलाच मुद्दा आहे, "परीक्षेला येत नाही" म्हणायला कोणाला जागा राहत नाही.