मुंबईत एका खोलीच्या घरात राहून रॉकेट आणि यानांची स्केल मॉडेल करायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लालबागला एका खोलीच्या घरात राहता. परदेशी किटची किंमत आणि वर लागणारी कस्टम ड्युटी बघून मागे फिरलात, आणि आता थ्रीडी प्रिंटर घ्यावा का, असा विचार चाललाय. माझं मत विचाराल तर प्रिंटर आत्ता घेऊ नका आणि किटही नको. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पीव्हीसी पाईपचे तुकडे मागा. ३२, ४० आणि ५० मिलिमीटर. पहिलं मॉडेल करा एलव्हीएम-३ चं, म्हणजे ज्याने चंद्रयान-३ नेलं त्या रॉकेटचं, आणि माप ठेवा १:१००.

एवढं ठामपणे सांगायला कारण आहे. एलव्हीएम-३ च्या मधल्या खोडाचा व्यास ४ मीटर आहे. दोन्ही बाजूंना जे मोठे घन इंधनाचे बूस्टर असतात, एस-२००, त्यांचा ३.२ मीटर. वर उपग्रह झाकणारी टोपी ५ मीटरची. आता प्रत्येक आकड्याला शंभराने भागा: ४० मिलिमीटर, ३२ मिलिमीटर, ५० मिलिमीटर. हे तिन्ही आपल्याकडच्या पाईपचे ठरलेले साईझ आहेत. अख्ख्या रॉकेटची उंची ४३.५ मीटर, म्हणजे तुमचं मॉडेल होईल साडेत्रेचाळीस सेंटीमीटरचं. टीव्हीशेजारी आरामात उभं राहील.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेल करते, वीस वर्षं झाली. १:१०० ही आमची रोजची भाषा. तरी हा मेळ मला खूप उशिरा दिसला. आधी मी जाड कार्डशीट गुंडाळून नळ्या करायचे. त्या कधीच नीट गोल व्हायच्या नाहीत आणि सांध्याची रेघ कितीही घासली तरी रंगाखालून वर यायची. मग एकदा घरी प्लंबरचं काम चालू असताना उरलेल्या तुकड्याला सहज व्हर्निअर, म्हणजे व्यास मोजायचं साधन, लावला आणि काट्यावर चाळीस आले. त्या दिवशी मी कामावरून परत येताना भांडुप स्टेशनबाहेरच्या दुकानातून तिन्ही पाईप घेऊनच घरी गेले.

पाईप घेताना एक गोष्ट सांभाळा. करड्या रंगाच्या पीव्हीसी पाईपवर जो मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो तो बाहेरचा व्यास असतो. आपल्याला तोच हवाय. नळाच्या पाण्याचे पांढरे पाईप इंचांच्या हिशोबाने येतात, त्यांचा बाहेरचा व्यास असा गोल आकड्यात बसत नाही. ३२ चा तुकडा वायरिंगच्या पाईपमध्येही मिळेल, तो पातळ आणि हलका असतो, कापायला सोपा. लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या दुकानांत एक चक्कर मारलीत तर उत्तमच. दुकानदाराला लाज न बाळगता सांगा की रॉकेट करायचंय. मला आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही, उलट शिल्लक तुकडे काढून देतात.

कापताना पाईपभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळा, तिच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि मग हॅक्सॉने थोडं थोडं, पाईप फिरवत कापा. एकाच बाजूने खाली कापत गेलात तर तोंड तिरकं होतं आणि रॉकेट झुकतं. छापील अक्षरं थिनरच्या बोळ्याने जातात. मग सगळा पाईप चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. गुळगुळीत पीव्हीसीवर रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो.

बूस्टर टोकापासून नोझलपर्यंत, म्हणजे खाली जिथून ज्वाळा बाहेर पडतात त्या तोंडापर्यंत, साधारण २६ सेंटीमीटरचे होतील. बाकीच्या लांब्या कुठून आणायच्या, तर फोटोवरून. बाजूने काढलेला स्वच्छ फोटो घ्या, त्यात खोडाची रुंदी मोजा. ती ४ मीटर आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तीच पट्टी धरून बाकी सगळं मोजत जा. पण फोटो एकाच उड्डाणाचे ठेवा. १८ डिसेंबर २०१४ ला जे पहिलं चाचणी उड्डाण झालं त्यातल्या रॉकेटची टोपी आणि बूस्टरची टोकं नंतर बदलली, हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून आकार पुन्हा आखले गेले. मी पहिल्या खेपेला दोन्हीकडचे फोटो समोर ठेवून काम केलं आणि जे तयार झालं ते कधीच न उडालेलं रॉकेट होतं. ते मोडून पुन्हा केलं. तुम्ही १४ जुलै २०२३ चं, चंद्रयान-३ चं उड्डाण धरा. त्याचे फोटो भरपूर आहेत.

टोपीचा सरळ भाग ५० च्या पाईपचा. तिचं वरचं निमुळतं टोक हा सगळ्यात अवघड भाग, तिथे घाई करू नका. थर्मोकोल कोरू नका, स्प्रेच्या रंगातलं द्रावण त्याला खातं. माझी एक पूर्ण झालेली टोपी शेवटच्या हाताला डोळ्यांदेखत खचली. आता मी आमच्या धंद्यातली रीत वापरते. मॉडेलमध्ये डोंगर दाखवायचा असेल तर आम्ही नकाशातल्या समोच्च रेषांप्रमाणे बोर्डाचे थर एकावर एक चिकटवतो. तसंच इथे करायचं. दोन मिलिमीटर जाडीच्या माउंट बोर्डाच्या, म्हणजे कडक पुठ्ठ्याच्या, चकत्या कापायच्या, सगळ्यात खालची ५० ची आणि वर जाताना फोटोतल्या वळणाप्रमाणे लहान लहान. प्रत्येकीच्या मधोमध भोक, सगळ्यांतून एक लांब बोल्ट, थरांमध्ये फेव्हिकॉल. रात्रभर वाळलं की पायऱ्या पुट्टीने भरायच्या. मग बोल्टचं शेपूट ड्रिल मशीनमध्ये पकडून हळू वेगात फिरवायचं आणि फिरत्या टोपीला पॉलिश पेपर लावायचा. पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी. तीनचार हात लागतात. पण ज्या क्षणी हाताला एकही पायरी लागत नाही, त्या क्षणासाठी मी हा छंद करते. घासताना नाकातोंडाला मास्क हवाच.

खाली नोझल लावायला आलात की रॉकेट कसं चालतं ते आपोआप शिकता. एस-२०० ला एकेक मोठं नोझल. मधल्या खोडाला दोन, कारण तिथे ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची दोन इंजिनं आहेत. आता गंमत बघा: जमीन सोडताना ही दोन इंजिनं बंद असतात. सगळं ६४० टनांचं धूड फक्त दोन बूस्टर उचलतात. चंद्रयान-३ च्या वेळी मधली इंजिनं पेटली ती सुमारे १०८ सेकंदांनी, वर हवेत. म्हणून कुणाला कापसाचा धूर आणि पिवळे दिवे लावून उड्डाणाचा देखावा करायचा असेल, तर ज्वाळा फक्त दोन बाजूंना दाखवायच्या, मध्ये नाही. बहुतेक देखाव्यांत ही चूक असते. आणि ही विकास इंजिनं आपल्या विक्रोळीला गोदरेजमध्येही तयार होतात, एस-२०० ची कवचं वालचंदनगरला. लोकलमधून विक्रोळीवरून जाताना मला दर वेळी ती दोन छोटी नोझलं आठवतात.

हे एक झालं की पुढचं रॉकेट त्याच मापात करा. मापं मिसळू नका, हा माझा आग्रह आहे. एकाच फळीवर एकाच मापाची रॉकेटं उभी राहिली की जी गोष्ट दिसते ती पुस्तकातल्या तक्त्यात दिसत नाही. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत नेणारं एसएलव्ही-३ फक्त २२ मीटरचं होतं, म्हणजे तुमच्या फळीवर २२ सेंटीमीटरचं, आणि जेमतेम १० मिलिमीटर जाड. बॉलपेनएवढं. पीएसएलव्ही ४४.४ सेंटीमीटर, खोड २८ मिलिमीटर. आणि पीएसएलव्हीच्या कमरेला जे सहा बारीक बूस्टर असतात, तेही १० मिलिमीटरचेच, कारण ते एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यातूनच पुढे आले. मी दहाची एक ॲक्रिलिक नळी आणली होती. तिच्या एका तुकड्याचं एसएलव्ही-३ झालं, उरलेल्यातून पीएसएलव्हीचे सहा बूस्टर कापले. तेव्हा मला कळलं की मोठं रॉकेट लहान रॉकेटाला कसं कडेवर घेऊन जातं. शेजारी सॅटर्न-५, म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणारं अमेरिकेचं रॉकेट, ठेवायचं मनात आलं तर आधी जागा मोजा. ते ११०.६ मीटरचं आहे, म्हणजे एक मीटर दहा सेंटीमीटर. माझं गॅलरीच्या कोपऱ्यात जमिनीवर उभं आहे.

यानांबद्दल तुम्ही विचारलंत. यानाला १:१०० चालत नाही. चंद्रयान-३ मधला चंद्रावर उतरलेला विक्रम लँडर साधारण २ मीटर बाय २ मीटर, उंची १.१७ मीटर. शंभराने भागलं तर पेढ्याएवढा होईल. त्याला १:२० घ्या, १० सेंटीमीटरची पेटी येते, त्यात काम दिसतं. सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या बोर्डाची पेटी, पायांना पितळी तार. चंद्रयान-२ च्या लँडरला पाच इंजिनं होती, चंद्रयान-३ च्याला चार, तेव्हा तळ करताना फोटो कुठला ते पुन्हा तपासा.

त्याचं सोनेरी आवरण मात्र मन लावून करा. ते सोनं नसतं. पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. प्लास्टिक मधासारखं तांबूस, मागचं ॲल्युमिनियम चकाकतं, आणि दोन्ही मिळून सोनं दिसतं. असे अनेक पापुद्रे एकावर एक ठेवून उन्हातली उष्णता आणि सावलीतली थंडी दोन्ही अडवतात. हाच पदार्थ तुम्हाला लॅमिंग्टन रोडला मिळतो. मोबाईल दुरुस्तीवाले चिप गरम करताना आजूबाजूचे भाग झाकायला जी तांबूस पारदर्शक टेप लावतात, ती पॉलिइमाइडचीच. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलवर ती चिकटवा, मग हलकेच चुरगळून पुन्हा सैल उघडा आणि पेटीवर गुंडाळा. ताणून सपाट करू नका, खऱ्या यानावरही ते सैलच असतं. सोनेरी रंगाचा कागद लावलेलं यान आणि हे यान शेजारी ठेवा, फरक लहान मुलालाही कळतो. २०२३ च्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मखरात मी असा लँडर ठेवला होता. २३ ऑगस्टला तो चंद्रावर उतरला होता, महिनाही झाला नव्हता. आरतीनंतर मुलं मखरासमोरून हलत नव्हती आणि एका आजींनी मला विचारलं, हे खरंच असंच आहे का गं? मी हो म्हणू शकले याचा आनंद अजून आहे.

उडणारं मॉडेल करता येईल का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी स्पष्ट नको म्हणेन. घरी इंधन बनवणं, फटाक्यांची दारू काढून भरणं, हे जीवावर बेतणारं आहे आणि स्फोटकांच्या कायद्याच्या कचाट्यात सापडतं. मुलांना उडवूनच दाखवायचं असेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा, सायकलच्या पंपाने हवा मारा आणि मोकळ्या मैदानात, सगळ्यांना लांब उभं करून सोडा.

तुम्ही जूनमध्ये विचारलंत हे चांगलं झालं. कापणं, पुट्टी, घासणं, सगळं पावसाळ्यात करा. रंग मात्र आत्ता लावू नका. स्प्रेमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार करतं, मुंबईच्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चकचकीत रंग दुधाळ पडतो. माझे दोन बूस्टर जुलैत असेच गेले. फेव्हिक्विकचाही पांढरा धूसर थर या दिवसांत जास्त येतो, म्हणून पारदर्शक भागांना तो लावू नका. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या. दुपारी गच्चीवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवा, आत मॉडेल एका काठीवर उभं करा आणि आधी प्राइमर, मग पांढऱ्याचे पातळ तीन हात, प्रत्येकात अर्धा तास सोडून. तोवर टोपीच्या चकत्या कापायला घ्या. २ मिलिमीटरचा बोर्ड आणि कटरची नवी पाती, आज एवढंच पुरे.