वेगवेगळ्या देशांत ऑफिसं असलेल्या कंपन्या एचआरची पद्धत सगळीकडे सारखी कशी करतात?

तुम्ही विचारलंय की कंपनी आठ-दहा देशांत पसरलेली असेल तर एचआरचे नियम एकसारखे कसे बसवतात. मी एचआरमध्येच आहे, असे दोन रोलआउट, म्हणजे नवी पद्धत सगळ्या देशांत लागू करण्याची कामं, केलेत म्हणून सांगते, की सगळं सारखं कुणीच करत नाही, करताच येत नाही. रजेचंच बघा, युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान 4 आठवडे पगारी रजा द्यावीच लागते, अमेरिकेत खासगी कंपन्यांना केंद्रीय कायद्याचं तसं बंधनच नाही. मग कंपनी फार तर स्वतःची एक किमान मर्यादा ठरवते, आणि जिथला कायदा जास्त देतो तिथे जास्त.

खरं जोर लावून सारखं करायचं ते ग्रेड, म्हणजे पदांच्या पातळ्या. कारण एका देशात मॅनेजर म्हणजे हाताखाली वीस माणसं आणि दुसरीकडे एकटं काम करणाराही मॅनेजरच, अशा वेळी बदली, प्रमोशन, पगार कशाचीच तुलना होत नाही. म्हणून आधी प्रत्येक कामाची जबाबदारी मोजून ग्रेड लावतात, हे फार किचकट काम आहे, महिनोन्महिने जातात आणि भांडणंही होतात. पगाराचा आकडा मात्र सारखा नसतो, तिथल्या मार्केटमधल्या पगारांच्या मानाने वर राहायचं, मध्ये की खाली, एवढं धोरण सारखं असतं.

हेड ऑफिसमधून तयार नियम पाठवले तर काय होतं ते वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीच्या जर्मनीतल्या केसमध्ये दिसतं. आचारसंहिता लागू केली, त्यात सहकाऱ्यांच्या प्रेमसंबंधांवर बंधन, तक्रारीसाठी हॉटलाइन वगैरे, पण तिथे असल्या गोष्टींना कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीची संमती लागते. ती घेतली नव्हती, 2005 मध्ये कोर्टाने बरेच नियम रद्द केले.

आमच्याकडेही कर्मचाऱ्यांच्या कामाला 5 पैकी मार्क द्यायचा रिव्ह्यू फॉर्म सगळीकडे गेला आणि एका देशातल्या मॅनेजर्सनी झाडून सगळ्यांना 3 दिले, कारण कमी मार्क लेखी देणं त्यांना माणसाचा अपमान वाटत होता. नंतर सगळ्या देशांच्या एचआरना एकत्र बसवलं तेव्हा ठरलं की प्रश्न आणि तारखा सारख्या, मार्क कसे आणि कुणासमोर सांगायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. हे आधीच करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आणि एक, पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, हेड ऑफिसच्या देशात घेऊ नका, तिथे सगळं चालतंच. कायदा आणि वागणं दोन्ही वेगळं असलेले दोन देश निवडा.