वाचकांचे प्रश्न : पोराकडे फ्रान्सला जाताना

प्रश्न : मुलगा पॅरिसजवळच्या बोबिन्यीत राहतो. आम्ही दोघं महिनाभर जाणार. तयारी काय करावी? (एक वाचक, दर्यापूर)

उत्तर : आधी व्हिसाचे कागद. घरी उतरणार, म्हणून मुलानं तिथल्या नगरपालिकेतून ३० युरो भरून 'आतेस्तासियाँ दाकय' (पाहुण्यांना घरी उतरवून घेत असल्याचा दाखला) काढावं आणि मूळ प्रतच पाठवावी, झेरॉक्स नको. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. तूप, पेढे नेऊच नका, विमानतळावर काढून घेतात; संत्र्यालाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. तिखट-मसाला खुशाल न्या. तुरीच्या डाळीचं ओझं कशाला? पॅरिसच्या ला शापेल भागातल्या तमिळ दुकानांत ती मिळते. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर 'बी' या उपनगरी रेल्वेनं गार द्यू नोर स्टेशन, तिथून मेट्रो ५ थेट बोबिन्यी. बाहेर पडेस्तोवर तिकीट जपा. शेजारी अल्जीरियाचा असो की मालीचा, भेटताच आधी 'बोंजूर' (नमस्कार); दुकानात शिरतानाही तेच. थेट भाव विचारला तर समोरचा तुटकच बोलतो.