गोळ्यांच्या पिशवीतला फायदा कसा मोजावा?

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. आमच्या भागातील फार्मासिस्ट दर महिन्याला त्यांच्या सगळ्या गोळ्या तपासून देतात. त्याचा खरोखर उपयोग होतो, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : केवळ रक्तातील क्रिएटिनिनवरून (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ घटक) हे ठरवू नये, कारण या विकारात मूत्रपिंडाचे काम बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू मंदावते आणि मधले चढउतार साध्या जुलाबानेही होतात. आधी गोळ्यांची पिशवी उघडावी. गोदाघाटाच्या पायऱ्या चढून गुडघे दुखले म्हणून परस्पर घेतली जाणारी डायक्लोफिनॅकची, म्हणजे मूत्रपिंडाला अपाय करू शकणारी वेदनाशामक गोळी बंद झाली का? ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ४५ च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचा डोस कमी करण्याविषयी आणि ३० च्या खाली गेल्यास ती थांबवण्याविषयी डॉक्टरांना वेळेवर कळवले गेले का? फॉस्फेट कमी करणारी गोळी अन्नातील फॉस्फेटला आतड्यातच धरून ठेवते, म्हणून ती जेवणासोबतच घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतलेली गोळी जवळजवळ वायाच जाते. माझ्या मते असा टळलेला प्रत्येक अपाय हाच पहिला फायदा होय आणि तो वहीत तारखेसह लिहावा. शेजारी रक्तदाब, पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन), रुग्णालयात काढावे लागलेले दिवस आणि औषधांचा खर्च नोंदवावा.

यात फार्मासिस्टचा नेमका वाटा किती, हे मात्र एकट्या रुग्णाच्या वहीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी अशी सेवा मिळालेल्या व न मिळालेल्या रुग्णांची तुलना करावी लागते. वडिलांची वही मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांना अवश्य दाखवा आणि कोणतीही गोळी डॉक्टरांच्या संमतीशिवाय बदलू नका.