वाचकांचे प्रश्न : लहान मुले आणि इंग्रजीचा क्लास

या विषयावर पालकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सर्वांना उपयोगी पडतील असे चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरात आम्ही सगळे मराठीच बोलतो. ओळखीतली तिच्या वयाची बहुतेक मुले इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागली आहेत आणि ‘याच वयात जीभ वळते, नंतर वळत नाही’ असे जो तो आम्हाला ऐकवतो. आता क्लासला घातले नाही तर तिचे कायमचे नुकसान होईल का?

उत्तर : नुकसान होणार नाही, आणि हे मी केवळ तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. तुम्हाला जे ऐकवले जाते त्यात तथ्य आहे, परंतु ते वेगळ्या परिस्थितीतील मुलांविषयीचे आहे. जॉन्सन आणि न्यूपोर्ट या संशोधिकांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी आणि कोरियन भाषकांची इंग्रजी व्याकरणाची जाण तपासली. सात वर्षांच्या आत तेथे आलेल्यांची जाण तिथल्याच माणसांसारखी निघाली आणि त्यानंतर येण्याचे वय जसजसे वाढत गेले तसतशी ती कमी होत गेली. ‘लवकर सुरुवात करा’ हा सल्ला अशा निष्कर्षांवर उभा आहे. पण ती मुले इंग्रजीत राहत होती. शाळा, शेजार, मैदान, दुकान सगळीकडे त्यांच्या कानांवर इंग्रजीच पडत होते. आठवड्याला दोन तासांचा क्लास वर्षभर नियमित केला तरी सुट्या वजा जाता तो ८०-८५ तासांच्या आसपास भरतो, आणि जागेपणीचे तेवढे तास तुमची मुलगी घरच्या भाषेत एका आठवड्यात काढते. हे दोन अनुभव एकाच मापाने मोजता येत नाहीत.

जिथे इंग्रजी फक्त शाळेच्या तासापुरते असते अशा मुलांचा अभ्यास बार्सिलोनामध्ये झाला. कार्मेन मुन्योस यांच्या मार्गदर्शनाखालील या प्रकल्पाचे निष्कर्ष २००६ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. त्यात आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या आणि अकराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना करताना दोन्ही गटांना मिळालेले शिकवणीचे तास सारखे ठेवले होते. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुले पुढे होती. याचे कारण समजण्याजोगे आहे. मोठ्या मुलाला नियम सांगितला की तो उमगतो, त्याला लक्ष टिकवता येते, आणि एका भाषेत लिहिता-वाचता येत असल्यामुळे ते कौशल्य दुसऱ्या भाषेतही कामी येते. लहान मूल भाषा नकळत उचलते खरे, पण त्यासाठी त्याच्या कानांवर ती फार मोठ्या प्रमाणात पडावी लागते. लाखो लोकांनी इंटरनेटवर सोडवलेल्या व्याकरणाच्या चाचणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून राहते, असे आढळले. साडेतीन वर्षांच्या वयात कोणतेच दार बंद होत नाही.

मग क्लासला घालावे की नाही? तुमच्या मुलीला तिथे आनंद वाटत असेल, शिक्षिका चांगल्या असतील आणि येण्याजाण्यात तिचा खेळ व झोप बुडत नसेल, तर जरूर घालावे. परक्या भाषेची भीती न वाटणे आणि तिच्या ध्वनींची कानाला सवय होणे हे लहान वयातले लाभ खरे आहेत. मराठीत एकाच ‘व’वर भागते, तर इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे ध्वनी आहेत. एकात ओठांचा गोल होतो आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. असे फरक लहान मूल खेळता खेळता सहज पकडते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चौथ्या वर्षी सुरू करून सहाव्या वर्षी सोडून दिलेले इंग्रजी मुले फार लवकर विसरतात, म्हणून पुढे ते चालू राहणार असेल तरच या घाईला अर्थ आहे. नातेवाईक काय म्हणतात हे मात्र निर्णयाचे कारण असू नये.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलासाठी आम्ही दोन क्लास पाहिले. एका ठिकाणी अक्षरे लिहून घेतात, फोनिक्स शिकवतात, दर आठवड्याला चाचणी घेतात आणि तीन महिन्यांत मूल वाचू लागेल असे सांगतात. दुसऱ्या ठिकाणी वही-पेन्सिल काहीच नाही, नुसती गाणी आणि खेळ. पैसे दोन्हीकडे भरावे लागणारच. कोणता निवडावा?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून माझा कल दुसऱ्या क्लासकडे आहे. पण खेळ आहेत म्हणून भाषा येतेच असेही नाही, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. नकार मिळाला तर तेवढ्यावरूनही बरेच कळते.

बसल्यावर मुलांच्या कानांवर काय पडते आणि त्यातले त्यांना किती समजते, याकडे लक्ष द्या. चांगल्या तासाचे एक दृश्य सांगते. शिक्षिका चेंडू खुर्चीखाली ठेवून ‘व्हेअर इज द बॉल?’ असे विचारतात. एक मूल नुसते बोट दाखवते, दुसरे ‘खाली!’ असे मराठीतच ओरडते, आणि त्या न रागावता ‘येस, अंडर द चेअर’ असे म्हणून त्याचेच उत्तर त्याला इंग्रजीत परत देतात. मग चेंडू खुर्चीवर जातो, टेबलामागे जातो, एका मुलाच्या पाठीमागे दडतो, आणि दहा मिनिटांत तीच रचना मुले अनेक वेळा ऐकतात, पण प्रत्येक वेळी ती खरोखर काहीतरी सांगत असते. आज्ञा ऐकायची आणि शरीराने ती पाळायची, या पद्धतीचा पुरस्कार जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकापासून केला आणि लहान वयात ती आजही उत्तम चालते, कारण तिच्यात मुलाला बोलण्याची सक्ती नसते.

याउलट एखाद्या वर्गात सगळी मुले खणखणीत आवाजात वारांची नावे म्हणून दाखवतात आणि पालक हरखून जातात. त्यांतल्या एकाला ‘वेन्सडेनंतर काय येते?’ असे विचारून पाहा. ते मंडेपासून पुन्हा सगळे म्हणत जाईल आणि मधेच अडखळेल. त्याच्याकडे चाल आहे, शब्द अजून आलेले नाहीत. गाणी वाईट मुळीच नाहीत, पण गाण्यातले शब्द गाण्याबाहेर कुठेतरी वापरले जायला हवेत.

फोनिक्सविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सध्या सर्वाधिक गैरसमज त्याबाबत आहे. ही पद्धत चांगली आहे. अक्षरांचे ध्वनी जुळवून शब्द वाचायला ती शिकवते. परंतु ज्या मुलाला तो शब्द बोलण्यात आधीपासून माहीत असतो, त्याच्यासाठी ती बेतलेली आहे. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाने तीन ध्वनी जोडून ‘हेन’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर कोंबडी उभी राहते. ज्याने हा शब्द कधी ऐकलेलाच नाही, तेही ध्वनी जोडून ‘हेन’ म्हणेल, पण त्याच्यापुढे काहीच उभे राहणार नाही. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले की वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. तीन महिन्यांत वाचायला लावण्याचे आश्वासन मला म्हणूनच पोकळ वाटते. आधी काही शब्द कानांनी आणि हातांनी ओळखीचे व्हावेत, मग अक्षरे यावीत. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू रेघांच्या आत अक्षर बसवण्याइतके बहुधा तयारही नसतात. त्याला मोठ्या कागदावर मनसोक्त रेघोट्या ओढू द्याव्यात.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पाऊण तासाच्या वर्गात पंधरा मुले असतील तर सगळा वेळ वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात, म्हणून वर्ग लहान असणे महत्त्वाचे आहे. दुसरी गोष्ट, चुका कशा हाताळल्या जातात. मूल ‘आय ईटेड’ म्हणाले तर भूतकाळाचा नियम त्याला आपोआप उमगला, याची ती खूण आहे. ‘ओ, यू एट इट!’ असे म्हणून पुढे जाणारी शिक्षिका ते ओळखते. सर्वांसमोर ‘चूक, पुन्हा म्हण’ असे सांगणारी ओळखत नाही. शिक्षिकेचे उच्चार परदेशी असण्याची गरज नाही. तिने सफाईने, स्पष्ट आणि मुलांकडे पाहून बोलावे, एवढे पुरे आहे.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. आठ महिने झाले, क्लासला आनंदाने जातो, पण इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढत नाही. पाहुण्यांसमोर विचारले तर माझ्या मागे लपतो. क्लासच्या बाईंनी सुचवले की घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला. माझे स्वतःचे इंग्रजी तोडकेमोडके आहे. काय करावे?

उत्तर : मराठी बंद करू नका. तुमच्या पत्रातील ही एकच गोष्ट मला काळजीची वाटली, मुलाचे गप्प राहणे नव्हे.

नवी भाषा ऐकणारी अनेक मुले काही महिने बोलतच नाहीत. ती ऐकत असतात आणि साठवत असतात. भाषाशिक्षणात हा मौनकाळ परिचित आहे आणि काही मुलांच्या बाबतीत तो बराच लांबतो. ‘ब्रिंग युवर शूज’ म्हटल्यावर तुमचा मुलगा बूट घेऊन येत असेल, तर त्याचे शिकणे चालू आहे. पाहुण्यांसमोरची परीक्षा मात्र आजपासून थांबवा. ‘बोलून दाखव’ ही मागणी लाजऱ्या मुलाला त्या भाषेपासूनच दूर नेते.

आता घरातील भाषेविषयी. तुम्ही ज्या भाषेत विचार करता, रागावता, गोष्ट रंगवून सांगता, तिच्यातच मुलाला भरपूर शब्द आणि पूर्ण वाक्ये मिळतात. बर्फ का वितळतो, आजोबा लहान असताना काय करत, ‘उद्या’ गेल्यावर त्याचा ‘काल’ कसा होतो, या गप्पा तोडक्यामोडक्या इंग्रजीत होणार नाहीत. त्या जागी ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’ एवढेच उरेल आणि मूल दोन्हीकडून उपाशी राहील. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे मांडले आहे की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही. ‘जड’ आणि ‘हलके’ यांतील फरक मराठीत कळला, की इंग्रजीत नवे फक्त शब्द शिकायचे राहतात.

तुम्हाला हौस असेल तर इंग्रजीतले एखादे चित्रांचे पुस्तक रोज झोपताना एकत्र पाहा, एखादे गाणे दोघांनी म्हणा. तुमचे उच्चार चुकले म्हणून त्याचे काही बिघडणार नाही. तो दोन भाषा एका वाक्यात मिसळू लागला तरी घाबरू नका, दोन भाषा शिकणारी मुले तसे करतातच. मात्र घरी भरभरून बोलणारे मूल बाहेर कोणाशीच, कोणत्याच भाषेत, महिन्याहून अधिक काळ बोलत नसेल, किंवा मराठीतही त्याचे बोलणे वयाच्या मानाने मागे असेल, तर स्पीच थेरपिस्टकडे जावे. दोन भाषांमुळे बोलणे मागे पडत नाही, तेव्हा ‘इंग्रजीमुळे होत असेल’ म्हणून तपासणी लांबवणे योग्य नाही.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे. क्लासऐवजी मोबाइलवर इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ लावले तर चालेल का?

उत्तर : क्लासची जागा ते घेणार नाहीत. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच साहित्य पडद्यावर पाहिलेल्या किंवा नुसते ऐकलेल्या बाळांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, पण समोरच्या माणसाची गरज तिलाही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा आणि कमी असेल तितका चांगला. एखादे गाणे आवडत असेल तर तिला मांडीवर घेऊन दहा मिनिटे बरोबर पाहा, मग मोबाइल बाजूला ठेवून तेच गाणे हातवाऱ्यांसह दोघी म्हणा.