वाचकांचे प्रश्न: सेप्सिसचे पहिले सहा तास

प्रश्न: सेप्सिसच्या (संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव बिघडू लागतात त्या अवस्थेच्या) उपचारांत अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांचे नाव हमखास येते. पण पुढच्या अभ्यासांत त्यांच्या पद्धतीचा फायदा दिसला नाही, असेही वाचले. मग ते संशोधन चुकले होते का?

आमच्या मते नाही. रिव्हर्स हेन्री फोर्ड रुग्णालयातले इमर्जन्सी आणि अतिदक्षता या दोन्ही शाखांचे डॉक्टर. आयसीयूत खाट मिळेपर्यंत थांबायचे कशाला, उपचार इमर्जन्सीतच सुरू करू, हा त्यांच्या प्रयोगाचा गाभा. २००१ साली तो प्रसिद्ध झाला. २६३ रुग्ण होते. मोठ्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालून सहा तासांत ठरलेली लक्ष्ये गाठायची होती: शिरेतला दाब ८ ते १२ मिमी पारा, सरासरी रक्तदाब निदान ६५ मिमी पारा, लघवी दर किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन ७० टक्के. तो कमी पडला तर रक्त द्यायचे, मग हृदयाचे आकुंचन वाढवणारे डोब्युटामिन. रुग्णालयातले मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४६.५ टक्के होते, या गटात ३०.५.

२०१४-१५ मध्ये प्रोसेस, अराइज आणि प्रॉमिस या तीन मोठ्या अभ्यासांत मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाही. कारण तोवर ‘नेहमीचे उपचार’च बदलले होते. रिव्हर्स यांच्या रुग्णांत परतणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन सुरुवातीला ४९ टक्क्यांच्या आसपास होता; प्रोसेसमध्ये ज्यांचा मोजला त्यांत तो ७१. म्हणजे ७०चे लक्ष्य सरासरीने आधीच गाठलेले! बहुतेकांना अभ्यासात घेण्यापूर्वीच सलाइन आणि अँटिबायोटिक मिळाले होते. आज प्रत्येकाला ते कॅथेटर घालत नाहीत, सरसकट रक्तही देत नाहीत. लवकर ओळखून लगेच सुरुवात करणे मात्र टिकले, आणि आमच्या लेखी रिव्हर्स यांचे खरे देणे तेच.

प्रश्न: मी इमर्जन्सीत नुकतीच रुजू झालेली डॉक्टर आहे. ‘एका तासात अँटिबायोटिक’ पाळताना वेळ नेमका कुठे जातो?

आधी नियम नीट पाहा. रक्तदाब कोसळला असेल (म्हणजे शॉक) किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एक तास. शॉक नाही आणि निदानही धूसर, तर झटपट तपासण्यांसाठी तीन तासांपर्यंत मुभा आहे.

वेळ जातो तो ऑर्डर लिहिणे आणि औषध प्रत्यक्ष शिरेत जाणे यांच्यामध्ये. म्हणून नोंद पहिला थेंब गेल्याची करा, ऑर्डरची नको. कल्चर, म्हणजे जंतू शोधण्यासाठीचे रक्त, आधी घ्या: दोन वेगळ्या जागांहून दोन संच, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. रक्त कमी पडले तर जंतू हाती लागत नाही. पण शीर सापडत नाही म्हणून औषध अडवून धरू नका.

लॅक्टेट हा रक्तपुरवठा अपुरा असल्याची खूण देणारा रक्तातला घटक. त्याचा नमुना टेबलावर पडून राहिला तर तांबड्या पेशी नळीतही लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा फुगतो. शक्य तर ब्लड गॅसच्या यंत्रावर लगेच लावा.

शॉक असेल किंवा लॅक्टेट लिटरमागे ४ मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १८०० मिलिलिटर. एकदम सोडून निघून जाऊ नका. दर ५०० नंतर छाती ऐका आणि बोटाचे टोक १० सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा अजून अपुरा आहे. सरासरी रक्तदाब तरीही ६५ च्या खाली असेल तर रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनॅलिन हाताच्या चांगल्या शिरेतून सुरू करा, कोपराजवळच्या किंवा त्याच्या वरच्या. सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेतल्या कॅथेटरसाठी) थांबू नका.

आणि दुसरा डोस! आयसीयूत खाट नाही म्हणून रुग्ण इमर्जन्सीतच राहतो. पहिला डोस ‘आत्ता’ म्हणून गेलेला असतो, पुढचा कुणीच लिहिलेला नसतो. पहिल्याबरोबरच दुसऱ्याची वेळही लिहून ठेवा.

प्रश्न: ताप नसेल तर सेप्सिस नाही, असे समजावे का?

मुळीच नाही. वृद्धांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप येतोच असे नाही. तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खालीही जाते. संसर्गाची शंका असताना माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त झाला, लघवी कमी झाली, तर थर्मामीटरवर विसंबू नका. लगेच इमर्जन्सी गाठा आणि ‘हे सेप्सिस असू शकेल का?’ असे स्पष्ट विचारा.