मैत्रिणीचे कॅन्सरचे उपचार चालू असताना

"काही लागलं तर सांग" हे वाक्य आधी टाकून दे. आजारी माणूस सांगत नाही. "गुरुवारी केमोला मी सोबत येते" असं थेट म्हण. तिला 100.4 फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं, हे पक्कं लक्षात ठेव. तुला सर्दी असेल तर जाऊ नकोस, फोन कर.

उपचार संपले की सगळे पांगतात (मीही पांगले होते, अजून लाज वाटते). खरी धाकधूक तेव्हाच सुरू होते. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंत दिवस सरत नाही. तेव्हा "सगळं छानच येईल" म्हणू नकोस. नुसती जवळ बस, वाटल्यास पत्ते खेळा. पेट स्कॅनआधी (PET, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे का ते बघणारी तपासणी) साधारण 6 तास उपाशी राहावं लागतं, म्हणून नंतरचं खाणं तुझ्या पिशवीत असू दे.